छोट्या गाडीचे मोजमाप

मुलांनो, तुम्ही नेरळ स्टेशन पाहिले आहे का? मुंबईहून पुण्याकडे जाताना कर्जतच्या अलीकडे ते लागते. तेथे दोन प्रकारचे रूळ शेजारीशेजारी दिसतात. रुंद रुळांवरून लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या धावतात. अरुंद रुळांवरून माथेरानची छोटी गाडी सुटते. सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधवला. १९०७ साली तो सुरू झाला. सुमारे २१ किमीची ही वाट वळणे घेत घेत डोंगर चढते. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज अशी स्टेशने वाटेत लागतात.

आमच्या आठवीच्या वर्गाने विज्ञान प्रदर्शनासाठी नेरळ स्टेशनाची प्रतिकृती केली. ती कशी केली आणि कोठे कोठे चुकलो, ते तुम्हांला सांगतो. तुम्ही असे काही करायला घ्याल, तेव्हा उपयोगी पडेल.

सर्वांत आधी प्रमाण ठरवावे लागते. आम्ही १:५० हे प्रमाण घेतले. म्हणजे प्रत्यक्षातील ५० सेमीची वस्तू प्रतिकृतीत १ सेमीची करायची. हिशेब सोपा होतो : १ मीटरला २ सेमी. मुलांना वाटले होते, नेरळपासून माथेरानपर्यंत सगळा मार्ग करू. फळ्यावर गणित मांडले. २१ किमी भागिले ५० म्हणजे ४२० मीटर! आमचे मैदानही तेवढे लांब नाही. आमच्याकडे प्लायवुडचा ६ फुटी तुकडा होता, म्हणजे सुमारे १८० सेमी. त्यावर प्रत्यक्षातील ९० मीटरच बसतात. म्हणून फक्त स्टेशनाचा एक भाग घ्यायचे ठरले.

मग रुळांची रुंदी. एका रुळाच्या आतल्या कडेपासून दुसऱ्या रुळाच्या आतल्या कडेपर्यंत जे अंतर असते, त्याला गेज म्हणतात. मोठ्या मार्गाचा गेज १६७६ मिमी आहे आणि माथेरानच्या गाडीचा ६१० मिमी. ५० ने भागले की साडेतेहतीस मिमी आणि १२.२ मिमी येतात. आम्ही ३३.५ आणि १२ घेतले. तेवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. पण दोन्ही रूळ सारखेच केले असते, तर ते नेरळ राहिले नसते. बाजारात रेल्वेचे तयार रूळ मिळतात, हे तुम्हांला ठाऊक असेल. त्यांतले बरेचसे १:८७ या प्रमाणाचे असतात आणि त्यांचा गेज १६.५ मिमी असतो. तो युरोपातील १४३५ मिमीच्या रुळांचा हिशेब आहे. आपल्या मोठ्या मार्गासाठी त्या प्रमाणात १९ मिमीपेक्षा थोडा जास्त गेज हवा. म्हणून विकतचे रूळ आणण्यापूर्वी मोजून पाहा. आम्ही पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आमचे रूळ घरीच केले. एका मुलीने दोन खिळे ठोकून १२ मिमीचा एक लाकडी ठोकळा बनवला. तो दोन पट्ट्यांमध्ये सरकवत गेले की अंतर कोठेही कमीजास्त होत नाही. मला तो फार आवडला.

आता चुका सांगतो. रुळांखाली खडी हवी, म्हणून कोणीतरी माशांच्या काचपेटीतले खडे आणले. दिसायला छान होते. पण १ सेमीचा खडा म्हणजे प्रत्यक्षात अर्ध्या मीटरचा धोंडा! ते सगळे उचलले आणि चाळणीने चाळलेली जाडसर रेती पसरली. स्टेशनमास्तर म्हणून खेळण्यांच्या दुकानातून आणलेला बाहुला ६ सेमीचा निघाला. म्हणजे ३ मीटर उंच माणूस. स्टेशनाच्या दारातून तो आत जाईना, तेव्हा मुले खूप हसली.

डोंगराने मात्र बरेच छळले. आम्ही स्टेशनाला लागूनच मातीचा डोंगर उभारला आणि त्यावर रूळ चढवले. या मार्गाचा तीव्र चढ १:२० आहे, म्हणजे २० मीटर पुढे गेले की १ मीटर वर. लक्षात घ्या, प्रतिकृती कितीही लहान केली तरी हे प्रमाण बदलत नाही. २० सेमीला १ सेमीच. आमच्या १८० सेमी फळीवर गाडी जास्तीत जास्त ९ सेमी चढू शकते. आम्ही तर तिला ६० सेमीत १२ सेमी चढवले होते! शिवाय खरा डोंगर स्टेशनाला लागून नाहीच. शेवटी माती काढली आणि मागे एक मोठा पुठ्ठा उभा करून त्यावर डोंगर रंगवला. ज्या मुलीने तो ठोकळा केला होता, तिनेच दोन दिवस बसून हे चित्र काढले. हिरवागार डोंगर, खाली उतरलेले ढग आणि तीन पांढरे धबधबे.

प्रदर्शनाला चार दिवस राहिले होते. वर्गातील एका मुलाचे दादा शाळेत आले. (मराठीत 'दादा' म्हणजे थोरला भाऊ. येथे मात्र आपल्या घरचा शब्द घ्या : वडिलांचे वडील.) माथेरानच्या मार्गावर ते अनेक वर्षे गँगमन होते. रुळांची देखरेख करणे हे त्यांचे काम. नातू तीन आठवडे प्रतिकृती करत होता, पण त्यांना विचारावे असे त्याला सुचले नव्हते. खरे सांगायचे तर मलाही सुचले नव्हते.

मी त्यांना खुर्ची दिली. ते बसले नाहीत. वाकून एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत पाहत गेले. दोन्ही गेज पाहून त्यांनी मान डोलावली. मोठ्या रुळांवर विजेच्या तारा आहेत आणि छोट्या रुळांवर नाहीत, हेही त्यांनी पाहिले. वाफेच्या इंजिनाची चाके मोजली. "एका बाजूला तीन. बरोबर," ते म्हणाले. मग स्टेशनाच्या पिवळ्या पाटीशी थांबले.

"बेटा, 'ळ' कोठे गेला?"

मराठीच्या ओळीत 'नेरल' असे लिहिले होते. आपल्या उर्दूत 'ळ' नाही, म्हणून तो आपल्या हातून निसटतो. चाचांची मराठी मात्र आम्हां सर्वांपेक्षा सफाईदार होती. चाळीस वर्षे मराठी सोबत्यांबरोबर एकच हातोडा धरलेला माणूस तो!

पाटी लगेच दुरुस्त झाली. चाचा अजून मागच्या चित्राकडेच पाहत होते.

"डोंगरावरून पाणी कोसळते आहे. मग ही गाडी निघाली कोठे?"

कोणालाच कळले नाही.

"पावसाळ्यात नेरळहून गाडी वर जात नाही. दरडी येतात, रुळांखालची माती वाहून जाते. धबधबे असले की गाडी नाही आणि गाडी असली की धबधबे नाहीत."

खरेच होते ते. जूनमध्ये नेरळची गाडी बंद होते आणि पाऊस सरल्यावर सुरू होते. आता पावसाळ्यातही अमन लॉज ते माथेरान एवढ्या वरच्या टप्प्यात गाडी चालते, पण नेरळहून नाही. २६ जुलै २००५ च्या पावसात तर मार्ग इतका उखडला, की २००७ पर्यंत गाडी धावली नाही.

चाचा गेल्यावर वर्गात वाद झाला. "सर, हे कोणाच्या लक्षात येणार?" एकाने विचारले. माझ्याही मनात तेच आले होते. धबधबे फार सुंदर होते, आणि दोन दिवसांची मेहनत पुसायला मी त्या मुलीला कोणत्या तोंडाने सांगणार? गाडी काढून टाकावी, तर प्रतिकृतीत राहणार काय?

"दादांच्या तर लक्षात आले," त्यांचा नातू हळूच म्हणाला.

त्या मुलीने कोणाकडे पाहिले नाही. तपकिरी रंगाची बाटली उघडली आणि पहिल्या धबधब्यावरून कुंचला फिरवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत डोंगरावर जानेवारी महिना आला होता. वाळलेले गवत, उघडे कातळ, मोकळे आकाश. ढग तिने पुसले, पण एक राहू दिला. जानेवारीत एखादा ढग चालतो, असे तिचे म्हणणे. मी हरकत घेतली नाही.

नातवाने घरी जाऊन टेपने दादांची उंची मोजली. १६० सेमी. भागिले ५०, म्हणजे ३.२ सेमी. त्याने मातीचा तेवढाच एक माणूस केला. त्याच्या हातात लांब दांड्याचा हातोडा दिला आणि इंजिनासमोर दोन रुळांच्या मधोमध उभा केला.

प्रदर्शनाच्या दिवशी चाचा लवकर आले. त्यांनी तो माणूस ओळखला. चष्मा वर करून बराच वेळ पाहिले. मग दोन बोटांनी त्याला अलगद उचलले आणि रुळांच्या बाहेर, रेतीच्या कडेला ठेवले.

"इंजिन तयार आहे बेटा. आता मी रुळात कशाला थांबेन?"