घरात मजुरी नसते, वाटा असतो



रविवारच्या मिस्सानंतर एक माता भेटल्या. त्यांचा मुलगा सहावीत आहे. दळण आणायला सांगितले की तो आधी विचारतो, "दहा रुपये देशील काय?" सुरुवात त्यांनीच केली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो ऐकेना, म्हणून एकदा त्याच्या हातावर पैसे ठेवले. दुसऱ्या वेळी त्याने मागून घेतले. आता पैशाशिवाय तो पायरी उतरत नाही. "माझं काय चुकलं?" असे त्यांनी विचारले. हा प्रश्न त्यांच्या एकटीचा नाही. म्हणून आजचा हा पाठ.

सालगडी आणि मुलगा

आपल्या भागात गुढीपाडव्याला सालगड्याचा करार होतो. वर्षाची रक्कम किती, धान्य किती, काम कोणते, हे सारे आधी बोलून ठरते. कापूस वेचणीचेही तसेच. संध्याकाळी वजन होते आणि किलोप्रमाणे पैसे मिळतात. हे रास्तच आहे. मजुराला त्याची मजुरी पूर्ण आणि वेळेवर मिळालीच पाहिजे. पण घरातला मुलगा सालगडी नाही.

उधळ्या पुत्राचा दाखला आपण अनेकदा ऐकला आहे (लूक १५:११-३२). धाकटा घरी परतताना मनात ठरवून आला होता की, बापाकडे मजूर म्हणून राहायचे. बापाने त्याला ते बोलूच दिले नाही. थोरला तर घर सोडून कधी गेलाच नाही. पण इतकी वर्षे राबलो आणि एक करडूदेखील मिळाले नाही, हा हिशेब त्याच्या मनात चालूच होता. एक दूर गेला, एक जवळ राहिला. दोघांनीही बापाचे घर मजुरीचे ठिकाण मानले. जे बापाचे आहे ते सर्व आपलेच आहे, हे थोरल्याला कधी उमगलेच नाही.

आपल्या डोळ्यांसमोरचा एक प्रसंग आठवा. २०१७ मध्ये पाऊस कमी झाला आणि २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारे निळोणा आणि चापडोह प्रकल्प आटले. टँकर आला की घरातले लहानमोठे सगळे डबे, कळश्या घेऊन धावत. तेव्हा कळशीमागे किती देणार, असे कोणत्या मुलाने विचारले? पाणी सर्वांचे होते, म्हणून वाहणेही सर्वांचे होते. घरातले काम असेच असते.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा

म्हणून काम आणि खाऊचे पैसे यांची गाठ मारू नये. मूल घरचे आहे म्हणून ते काम करते. मूल घरचे आहे म्हणूनच त्याला थोडे पैसे मिळतात. एक गोष्ट दुसरीची किंमत नाही. काम टाळले तर रागवा, समजवा, ते पुन्हा करून घ्या. पण पैसे कापू नका. पैसे कापले की "मला नकोत पैसे, मी काम करत नाही" असे म्हणण्याची वाट आपणच मोकळी करून देतो.

ज्या कामाला आपण एरवी बाहेरचा माणूस लावला असता, असे मोठे काम मुलाने सुट्टीत केले, तर त्याबद्दल काही देण्यास हरकत नाही. मात्र स्वतःचे ताट उचलणे, अंथरूण घडी करणे, पाणी भरणे यांना दर लावू नये.

मुलगा-मुलगी भेद नको

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे, तर घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटे त्यात घालवतात, असे आढळले. हा फरक लग्नानंतर अचानक येत नाही. बहीण भांडी घासते आणि भाऊ क्रिकेटला जातो, तेव्हाच तो सुरू होतो. कामाची वाटणी करताना नाव पाहू नका, वय पाहा.

कामाची मर्यादा

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. घरच्यांना मदत चालते, पण शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामात नाही. २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. फवारणीचे औषध कालवायला किंवा पंप धरायला मुलाला कधीही सांगू नका. वेचणीसाठी शाळा बुडवणे ही मदत नव्हे; तो मुलाचा हक्क हिरावणे होय.

पैसे कसे द्यावेत?

ऐपतीप्रमाणे द्या, शेजाऱ्याकडे पाहून नको. रक्कम लहान असो, पण ठरलेली असो आणि ठरल्या दिवशी मिळो. ज्यांच्या हाती कापूस विकल्यावरच पैसा येतो, त्यांना दर आठवड्याला देणे जमणार नाही. त्यांनी आठवडी बाजारात मुलाच्या हाती भाजीचे पैसे द्यावेत आणि घरी आल्यावर हिशेब घ्यावा. शिकवण तीच मिळते.

तान्ह्या पोळ्याला मुलांना बोजारा मिळतो. "मी ठेवते" म्हणून आपण तो घेतो आणि तो घरखर्चात जातो. तसे करू नका. अडचणच असेल तर मुलाला सांगून उसने घ्या आणि परत करा. त्यातून ते शब्द पाळायला शिकेल.

पैशाचे तीन भाग करायला सांगा: खर्च, बचत, दान. दहा वर्षांवरील मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते. आणि रविवारी दानपेटीत टाकायचे नाणे मुलाने स्वतःच्या पैशांतून आणू द्या. आईने ऐनवेळी हातात दिलेल्या नाण्यात मुलाचे काहीच जात नाही.

घरी एकत्र बसून विचार करा

१. आपल्या घरात कोणते काम नेहमी एकाच व्यक्तीवर पडते?
२. मुलाला आपण शेवटचे "शाब्बास" कधी म्हटले?
३. आपण आईवडील एकमेकांसाठी काही करताना मुलांसमोर त्याचा हिशेब काढतो का?

या आठवड्यात एवढेच करा. घरातल्या प्रत्येकाने, वडिलांनीसुद्धा, रोजचे एक काम आपले म्हणून स्वीकारावे. त्या मातेलाही आम्ही हेच सुचवले. मुलाला जवळ बसवून सांगा, "दळणाचे पैसे आता बंद. पण शनिवारी तुझे खाऊचे पैसे मिळतील, दळण आणलेस तरी आणि विसरलास तरी." थोडे दिवस तो कुरकुर करेल. पण पीठ घरात आल्यावर गरम भाकरी त्याच्याच ताटात आधी वाढा. आपण मजूर नाही, घरचे आहोत, हे त्याला तिथे कळेल.