रिपोर्ट चांगला आला, तरी त्रास थांबेना?



"ताई, पित्त हाय, गोळी घेतली की बरं वाटतंय," असं गटाच्या बैठकीत कितीतरी जणी सांगतात. बहुतेकींना पित्तच असतं. पण जठराचा एक कर्करोग आतल्या अस्तराखाली लपून वाढतो. तो तरुण वयात आणि बायकांमध्येही दिसतो. गोळीने त्रास दबतो आणि दिवस निघून जातात.

चौकटीला वाळवी लागली तर वरचा रंग तसाच राहतो, लाकूड मात्र आतून पोखरतं. तसंच इथं होतं. जठराच्या भिंतीला थर असतात. या प्रकारात रोग खालच्या थरात पसरतो, भिंत जाड आणि ताठ होते. वरचं अस्तर मात्र चांगलं दिसू शकतं. त्यामुळे दुर्बिणीने घेतलेल्या वरवरच्या तुकड्यात कधी कधी रोग सापडत नाही.

ही लक्षणं अंगावर काढू नका
- चार घासांत पोट भरणं
- कारण नसताना वजन उतरणं
- घास अडकणं, वारंवार उलटी होणं
- उलटीत रक्त किंवा डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, तेही डॉक्टरांना सांगा)
- रक्त कमी होणं, सतत थकवा

तपासणी कशी होते?
दुर्बिणीतून हवा सोडून जठर नीट फुगतं का, ते डॉक्टर बघतात. संशय राहिला तर पुन्हा, खोलवरचे तुकडे घेतात. सीटी स्कॅन किंवा दुर्बिणीला जोडलेली सोनोग्राफी भिंतीची जाडी दाखवते. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती मनातून काढा.

म्हणून पहिला रिपोर्ट चांगला आला, पण त्रास तसाच आहे, तर घरी बसू नका. सगळे कागद घेऊन परत जा आणि विचारा, "डॉक्टर, त्रास थांबला नाही. आतल्या थराची तपासणी लागेल का?" असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

कुठे जायचं?
आधी आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. पुढे नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. रेशन कार्ड, आधार आणि आयुष्मान कार्ड सोबत ठेवा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेबद्दल तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की ही लक्षणं मोठ्याने वाचा. एखादी गप्प बसली तर तिला नंतर बाजूला घेऊन विचारा. गाडीभाड्यासाठी अडली असेल तर गटातून अंतर्गत कर्ज द्या आणि दोघीजणी तिच्यासोबत जा.