तान्ह्या बाळाचा प्रवास : आसन, वाहन आणि दक्षता

पहिल्या बाळंतपणाची तयारी आपल्याकडे सातव्या महिन्यापासूनच सुरू होते. माळ्यावरचा पाळणा खाली उतरतो, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली जातात, डिंक आणि अळीव आणून ठेवले जातात, बाळंतविड्यातील झबली-टोपडी चार दुकाने हिंडून पारखून घेतली जातात. या साऱ्या लगबगीत एक प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. दोन-तीन दिवसांचे ते मूल रुग्णालयातून घरी आणावयाचे कशातून? पुढे सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात लस टोचण्यासाठी त्याला न्यावयाचे कसे? बारशासाठी आजोळाहून सासरी, नंतर कुलदैवताच्या दर्शनाला, असे प्रवास वर्षभर चालूच असतात. त्या त्या दिवशी दारात जे वाहन असेल त्यातून आणि ज्याचे हात मोकळे असतील त्याच्या मांडीवर, असेच बहुतेक घरांतील उत्तर असते.

बाजारात आज बाळासाठी आसने, पट्टे, झोळ्या आणि गाड्या यांची रेलचेल आहे. किमतीवरून किंवा रंगरूपावरून त्यांच्या सुरक्षिततेचा अंदाज बांधता येत नाही. प्रथमच आईबाप होणाऱ्यांनी खरेदीपूर्वी आपल्या बाळाचे वय, आपले नेहमीचे वाहन आणि आपला नेहमीचा रस्ता या तीन गोष्टींचा एकत्र विचार केला, तर अनावश्यक खर्च तर टळतोच. पण जेथे खर्च करणे अगत्याचे आहे ती जागाही स्पष्ट दिसते.

मांडी हे आसन नव्हे

आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा जगात दुसरी नाही, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. घरात ती सर्वस्वी खरी आहे. धावत्या मोटारीत मात्र ती खरी नाही, आणि त्याचे कारण साध्या गणिताने समजण्यासारखे आहे. मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असता समोरच्या वाहनावर आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली असे समजू. त्या क्षणी पाच किलो वजनाचे बाळ सुमारे ७० किलो वजनाइतक्या जोराने पुढे खेचले जाते. आईचा हात कितीही घट्ट असला तरी एवढा जोर अकस्मात पेलणे तिला शक्य नाही. हाच हिशेब दुसऱ्या रीतीने मांडला, तर ताशी ५० किलोमीटरचा आघात हा सुमारे दहा मीटर, म्हणजे तीन मजल्यांच्या उंचीवरून पडण्याइतका असतो. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर कठड्याशिवाय आपण बाळाला घेऊन उभे राहणार नाही. मोटारीत नेमके तेच आपण रोज करीत असतो.

आईने पट्टा लावलेला नसेल तर तिचे स्वतःचे वजन बाळावर येऊन आदळते. आई आणि बाळ दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावण्याची युक्ती तर त्याहून घातक, कारण दोघांच्या मध्ये चिरडले जाते ते बाळच.

अर्भकासाठी वेगळे आसन वापरल्याने अपघातातील अर्भकमृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत घटू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने नमूद केले आहे. आपल्या कायद्यानेही या बाबीची दखल घेतली आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली झालेल्या सुधारणेने कलम १९४-ब समाविष्ट करण्यात आले. त्यानुसार चौदा वर्षांखालील मूल सुरक्षापट्ट्याने किंवा बालआसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर वाहन चालविणाऱ्यास एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दंडाच्या धाकाने आसन घेणारे कुटुंब प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही; परंतु या तरतुदीमुळे बालआसन ही श्रीमंतांची हौस आहे, असे म्हणण्यास जागा उरलेली नाही.

आसनाची निवड आणि बांधणी

नवजात बाळाच्या डोक्याची लांबी त्याच्या संपूर्ण शरीराच्या सुमारे चौथा हिस्सा असते. मोठ्या माणसात हे प्रमाण सातव्या-आठव्या हिश्श्यावर येते. एवढे जड डोके ज्या मानेवर आहे ती मान तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंत धडपणे सावरलेलीही नसते. पुढे तोंड करून बसविलेल्या बाळाची मान अपघातात हिसका बसून पुढे फेकली जाते. मागे तोंड करून, म्हणजे मोटारीच्या पाठीमागच्या काचेकडे पाहील असे निजविले, तर तोच आघात आसनाच्या पाठीवर पसरतो आणि डोके, मान व पाठ यांना एकाच वेळी आधार मिळतो. म्हणून अर्भकासाठी आसन घ्यावयाचे ते मागे तोंड करून बसविण्याचेच. युरोपात प्रचलित असलेल्या आर-१२९ या मानकाने किमान पंधरा महिन्यांपर्यंत ही दिशा सक्तीची केली आहे. आसनाची मर्यादा अनुमती देत असेल तर त्यापुढेही ती बदलण्याची घाई करू नये. मुलाचे पाय मागच्या बैठकीला टेकतात म्हणून त्याला अवघडते, ही शंका आजी-आजोबा हमखास काढतात. मुले पाय दुमडून सुखाने बसतात.

मागे तोंड केलेले आसन पुढच्या बैठकीवर, चालू एअरबॅगसमोर, कदापि ठेवू नये. पापणी लवण्याच्या आत फुगणारी ती पिशवी आसनाच्या पाठीवर म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. आसनाची जागा मागच्या बैठकीवरच.

खरेदी करताना आसनावरील चिठ्ठी प्रथम वाचावी. भारतीय मानक ए.आय.एस. ०७२ हे आहे. आयात केलेल्या आसनांवर वर्तुळातील ‘ई’ अक्षर व आर-४४ किंवा आर-१२९ हा उल्लेख आढळतो. यांपैकी काहीच नसेल तर गादी कितीही मऊ असली तरी ते आसन नव्हे, खेळणे आहे. ए.आय.एस. मानके सिद्ध करणाऱ्या समितीचे काम पुण्याच्या, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेमार्फत चालते, ही आपल्या राज्याच्या दृष्टीने विशेष बाब होय. नवीन मोटारच घ्यावयाची असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या ‘भारत एनकॅप’ मूल्यमापनातील बालकांच्या संरक्षणाचे गुणही पाहावेत. या मूल्यमापनात प्रौढांसाठी ३२ आणि बालकांसाठी ४९ असे गुण स्वतंत्रपणे ठेवण्यात आले. विक्रेते बहुधा एकूण ताऱ्यांची संख्याच सांगतात.

दुकानात आसन पसंत पडले तरी ते आपल्या मोटारीत बसवून पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत. मागे तोंड केलेले आसन लांबीला अधिक जागा घेते आणि लहान मोटारीत पुढच्या बैठकीला अडते. मोटारीत ‘आयसोफिक्स’ कड्या असतील तर बांधणी सोपी होते. नसतील तर तीन ठिकाणी अडकणारा पट्टा आसनाभोवती पूर्ण फिरण्याइतका लांब आहे की नाही, हे तपासावे. बसविलेले आसन पट्ट्याच्या जागी धरून हलवावे. ते एका इंचाहून अधिक सरकत असेल तर बांधणी सैल आहे असे समजावे.

येथे आपल्या घरांतील एका सवयीविषयी सांगणे अवश्य आहे. बाळाला दुपट्यात घट्ट गुंडाळून, वर लोकरीचा अंगरखा चढवून मग आसनात ठेवतात. वरून पट्टा घट्ट भासतो. आघात होताच कापडाची जाडी दबते आणि बाळ सैल पट्ट्यातून निसटू शकते. आधी साधे झबले, मग पट्टा, आणि त्यावर दुपटे हाच योग्य क्रम. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. चिमटीत त्याची घडी येता कामा नये. बाळ आसनात झोपले म्हणून घरी आल्यावरही ते तसेच आसनात ठेवू नये. हनुवटी छातीवर टेकून श्वास कोंडण्याचा धोका असतो. लांबच्या प्रवासात वेळोवेळी थांबून बाळाला बाहेर घ्यावे. अगदी नवजात असेल तर लवकर लवकर.

आसन महाग आहे ही तक्रार वाजवी आहे. तथापि बारशाला येणारे चांदीचे वाळे, वाटी-चमचे आणि न वापरता लहान होणारे फ्रॉक यांच्या ऐवजी चार आप्तांनी मिळून एक आसन दिले, तर बाळंतविडा खऱ्या अर्थाने कारणी लागेल.

दुचाकीचा प्रश्न

असंख्य कुटुंबांचे एकमेव वाहन दुचाकी हेच असल्याने हा प्रश्न टाळून चालणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत फेब्रुवारी २०२२ मध्ये दुरुस्ती करण्यात आली व ती एका वर्षाने, फेब्रुवारी २०२३ मध्ये, अंमलात आली. नऊ महिने ते चार वर्षे वयाचे मूल दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा बांधणे, त्याच्या डोक्यावर बसेल असे शिरस्त्राण घालणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या पुढे जाऊ न देणे ही तीन बंधने त्यात आहेत. हा पट्टा म्हणजे मुलाच्या अंगात घालावयाची बंडी असून तिच्या दोन पट्ट्यांचे फास चालकाच्या खांद्यांत अडकवितात. तो तीस किलो वजन पेलणारा, हलका व पाण्याने न बिघडणारा असावा, असे नियम सांगतो. डुलकी लागलेले मूल मागच्या मागे घसरून पडणे यामुळे टळते. गाडीच आडवी झाली तर मात्र त्याचा उपयोग मर्यादित, हे ध्यानात असावे. चार वर्षांवरील मुलांस मोठ्यांप्रमाणेच शिरस्त्राण अनिवार्य आहे.

मग नऊ महिन्यांच्या आतील बाळाचे काय? शिरस्त्राणाचे बंधन त्याला लागू नाही, म्हणून ते नेण्यास मुभा आहे असा अर्थ कोणी काढू नये. ज्या मानेला स्वतःच्या डोक्याचा भार पेलत नाही तिच्यावर शिरस्त्राणाचा भार टाकता येत नाही, आणि शिरस्त्राणाशिवाय नेणे हा उपाय नव्हे. या वयाच्या बाळासाठी दुचाकी हे वाहनच नाही, असे स्पष्ट सांगणे प्राप्त आहे. पती चालवितो, मागे पत्नी एका अंगाने बसलेली आणि तिच्या एका हातात दुपट्यातले बाळ, हे दृश्य इतके नित्याचे झाले आहे की त्यातील धोका डोळ्यांना दिसेनासा झाला आहे. तिचा दुसरा हात आधाराला असतो. एखाद्या खड्ड्यात तो आधार सुटला तर बाळ सावरावे की स्वतःला, हे ठरविण्यासही अवधी नसतो. दुचाकीच्या मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारी जाळी असावी, म्हणजे मागे बसणाऱ्याचे वस्त्र चाकात अडकणार नाही, असे केंद्रीय नियमांत आहे. नव्या गाडीची शोभा बिघडते म्हणून ही जाळी काढून टाकणारे महाभाग आहेत. बाळाचे दुपटे आणि आईचा पदर यांचा तरी त्यांनी विचार करावा.

रिक्षा, एस.टी. आणि १०२

दुचाकीला पर्याय म्हणून शहरात रिक्षा आणि गावात एस.टी. ही वाहने हाताशी असतात. रिक्षात आसन बांधण्यास पट्टा नसतो. तेव्हा बाळाला घेणाऱ्याने मधोमध बसावे, दोन्ही बाजूंस घरची माणसे असावीत आणि बाळाचे डोके लोखंडी दांडीच्या बाजूस येऊ देऊ नये. चालकाला ‘हळू घ्या’ असे आधीच सांगावे. बाळ पाहून तो सहसा ऐकतो. टॅक्सीत मागे पट्टे असतील तर घरचे आसन तेथेही बांधता येते.

एस.टी.त मागच्या चाकांच्या पलीकडील बाके हिसके सर्वाधिक देतात. दोन चाकांच्या दरम्यानची जागा मिळवावी आणि वर फळीवर जड सामान असेल तेथे बसू नये. अनेक बसस्थानकांवर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आहेत. प्रवास आखतानाच त्यांची चौकशी करावी, म्हणजे चालत्या गाडीत बाळाला पाजण्याची वेळ येत नाही.

शासकीय रुग्णालयात प्रसूती झालेल्या मातेला या सर्व विवंचनेतून निदान एकदा तरी मुक्तता आहे. २०११ साली देशात सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली प्रसूतीसाठी रुग्णालयात आणणे आणि प्रसूतीनंतर माता व बाळाला घरी पोहोचविणे या दोन्ही सेवा विनामूल्य आहेत. आजारी नवजात बालकांस मिळणारा या कार्यक्रमाचा लाभ २०१४ मध्ये एक वर्षापर्यंतच्या बालकांस लागू करण्यात आला. आणण्याच्या सेवेची माहिती पुष्कळांना असते, घरी सोडण्याच्या सेवेची थोड्यांनाच. सबब घरी सोडण्याच्या आदल्या दिवशीच परिचारिकेस किंवा आशा कार्यकर्तीस १०२ क्रमांकाच्या वाहनाविषयी विचारावे. आकस्मिक संकटासाठी १०८ क्रमांक निराळा आहे.

झोळी आणि बाबागाडी

पायी जाण्याच्या अंतरासाठी आपल्या शेतमजूर भगिनींची पाठीपोटाशी बांधलेली झोळी आणि घरोघरचे कडेवर घेणे या दोन्ही रीती शास्त्रालाही मान्य होण्याजोग्या आहेत. मांड्या फाकलेल्या आणि गुडघे किंचित वर अशा स्थितीत बाळाच्या खुब्याचे सांधे नीट घडतात. विकतचा पट्टा घेतानाही बाळाचे पाय सरळ लोंबत न राहता मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार मिळतो का, ते पाहावे. बाळाचा चेहरा आपल्याला सदैव दिसला पाहिजे आणि त्याच्या हनुवटीखाली दोन बोटे शिरतील एवढी जागा राहिली पाहिजे. चार महिन्यांखालील, विशेषतः अपुऱ्या दिवसांचे बाळ खोल झोळीत गुरफटले तर आवाजही न होता त्याचा श्वास कोंडू शकतो. आणि झोळी ही पायी चालण्यासाठी आहे. मोटारीत ती आसनाची जागा घेऊ शकत नाही.

बाबागाडीच्या बाबतीत घाई करू नये, असे आमचे मत आहे. आजची छत्रीसारखी मिटणारी हलकी बाबागाडी ओवेन मॅक्लारेन या इंग्रज विमान-अभियंत्याने १९६५ मध्ये सिद्ध केली, ती सपाट पदपथांच्या देशात. ज्यांच्या घराला उद्वाहन नाही, दारापुढे पदपथ नाही, त्यांची बाबागाडी महिन्याभरात जिन्याखाली धूळ खात पडते. घ्यावयाचीच असेल तर पहिल्या सहा महिन्यांसाठी पाठ पूर्ण आडवी होणारी आणि खांदे, कंबर व पायांमधून बांधणारा पाच टोकांचा पट्टा असलेली घ्यावी. दांडीला भाजीची पिशवी अडकविली की गाडी मागे कलंडते. उन्हासाठी वर पातळ ओढणी टाकली तरी आतली हवा कोंडून तापते. वैशाखात नागपूर-अकोल्याकडे तर हे कटाक्षाने टाळावे.

वापरलेली बाबागाडी नात्यातून मिळाली तर जरूर घ्यावी. मोटारीचे वापरलेले आसन मात्र त्याचा सारा इतिहास ठाऊक असल्याखेरीज घेऊ नये, कारण अपघातात सापडलेल्या आसनाचे तडे वरून दिसत नाहीत. बाबागाडीत आधी पाच-सहा किलोची धान्याची पिशवी ठेवावी, ब्रेक लावावा आणि ती उतारावर उभी करून पाहावी. जागची हलली तर तिचा ब्रेक दुरुस्त होईपर्यंत तिच्यात बाळाला बसवू नये.