जुन्या यंत्राची दुरुस्ती

सरफेस ग्राइंडर हे यंत्र धातूचा पृष्ठभाग घासून अचूक सपाट करते. त्याच्या हायड्रॉलिक प्रकारात पंपाने ढकललेले तेल सिलिंडरमधील दट्ट्या सरकवते आणि त्याबरोबर टेबल पुढे-मागे फिरते. असे जुने यंत्र घरच्या कार्यशाळेत आणल्यावर रंगकामाची घाई करू नये. प्रथम दोषाचे कारण शोधावे.

टेबल धक्के देत सरकत असेल, तर तेलात हवा शिरलेली असू शकते. वीजपुरवठा बंद करून टाकीतील गाळ काढावा, गाळणी स्वच्छ करावी, कडक झालेली ऑइल सील बदलावी आणि उत्पादकाने सांगितलेले तेल भरावे.

सर्वाधिक दक्षता ग्राइंडिंग व्हीलबाबत घ्यावी. व्हिट्रिफाइड प्रकारचे कोरडे व्हील बसवण्यापूर्वी लाकडी मुठीने हलकेच ठोकावे. खणखणीत नाद न आल्यास ते वापरू नये. तडा गेलेले व्हील वेगात फुटून प्राणघातक ठरू शकते. व्हीलवर छापलेल्या कमाल वेगापेक्षा यंत्राचा वेग अधिक नसावा आणि संरक्षक आवरण कधीही काढू नये. शेवटी मॅग्नेटिक चक त्याच यंत्रावर घासून सपाट करावा.

पाठगत प्रश्न : व्हीलचा नाद का तपासावा?