विमानाने यात्रेस निघताना

मुठा खोऱ्यातील जे भाविक लोहगावहून विमानाने दूरच्या क्षेत्री जातात, त्यांनी पॉवर बँक व सुट्या बॅटऱ्या विमानतळावर जमा करावयाच्या सामानात कदापि ठेवू नयेत. त्या हातातील पिशवीतच असाव्यात. लिथियम बॅटरी दबली अथवा तिची टोके धातूस भिडली, तर ती पेटू शकते. जवळ पेटल्यास निदान दिसते, विझविता येते. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसान येथे उड्डाणापूर्वीच विमान पेटले. प्रवाशांच्या डोक्यावरील कप्प्यातील पॉवर बँक हेच संभाव्य कारण तपासात पुढे आले. सबब ती दृष्टीसमोर ठेवावी. मर्यादा १०० वॅट-तासांची. २०,००० एमएएचची नेहमीची पॉवर बँक साधारण ७४ भरते. जागेअभावी विमानाच्या दाराशी पिशवी मागून घेतल्यास पॉवर बँक आधी काढून घ्यावी; घाईत नेमके हेच राहून जाते.