लॅबमध्ये बसण्याआधी मामाचं ऐक

पोरी, आर्वीहून वर्ध्याला शिकायला चाललीस, लॅपटॉप नाही म्हणून मन लहान करू नको. लॅबच्या कॉम्प्युटरवर बसूनही सगळं होतं. फक्त पेनड्राइव्हवर काम न्यायचं आणि आणायचं, साठवायचं नाही. प्रत्येक फाईल आणखी एका जागी हवीच. ओटीजी लावून मोबाइलमध्ये घे, नाहीतर स्वतःलाच ईमेल कर.

फाईल आधी डेस्कटॉपवर उतरव, तिथं लिही, मग परत कॉपी कर. थेट पेनड्राइव्हवर लिहीत बसलीस अन् मधेच लाइन गेली, तर ती फाईल पुन्हा उघडेलच असं नाही. उठताना डेस्कटॉपवरची प्रत शिफ्ट धरून डिलीट कर. पेनड्राइव्ह ओढू नको, इजेक्ट कर. कॉपीची पट्टी पूर्ण भरलेली दिसली तरी काही कॉम्प्युटर शेवटचा मजकूर मागाहून लिहितात.

एखाद्या दिवशी सगळ्या फोल्डरांवर बाण दिसेल, आत काही नसल्यासारखं वाटेल. तो शॉर्टकट व्हायरस. त्या बाणावर क्लिक करू नको, अन् दुकानदार ‘फॉरमॅट मारू’ म्हणाला तरी मारू देऊ नको. पेनड्राइव्हमधली भरलेली जागा बघ. ती तेवढीच असेल तर फायली आतच आहेत, फक्त लपवल्यात. लॅबवाल्या सरांना हिडन आणि सिस्टीम, दोन्ही प्रकारच्या फायली दाखवायला सांग.

आता मराठीचं. टायपिंग शिकलेली बरीच मंडळी अजून कृतिदेवमध्येच हात चालवतात, वेगही भारी असतो. पण कृतिदेवमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठतात, फॉन्ट त्यांना देवनागरी रूप देतो. फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तुझा ‘भारत’ ‘एच-के-के-जे-आर’ होऊन बसेल. म्हणून युनिकोडमध्येच टाइप कर. कोणी कृतिदेवमध्ये टाइप करून दिलंच, तर त्याच जागी बसून पीडीएफ करून घे. पीडीएफ करताना फॉन्ट सहसा आत बांधला जातो, मग झेरॉक्सच्या दुकानात जोडाक्षरं फुटत नाहीत.

त्या दुकानासाठी वेगळा, स्वस्तातला पेनड्राइव्ह ठेव. त्यात छापायचं तेवढंच. आधार अन् मार्कशीट त्यात ठेवायची नाही. दहा जणांचे पेनड्राइव्ह लागलेल्या कॉम्प्युटरला तो लागणार. परत लॅबमध्ये लावलास की आधी स्कॅन.

अन् हो, मेच्या उन्हात पेनड्राइव्ह गाडीच्या डिकीत टाकून जाऊ नको. दोरी बांध. आत ‘सापडल्यास’ नावाची साधी फाईल ठेव, त्यात माझा मोबाइल नंबर टाक. तुझा नको.