उंदीर विषाला दाद का देत नाहीत?

रात्री आमिष मांडावे, सकाळी ते खाल्लेले दिसावे आणि तरीही पंधरवड्यानंतर बिळांतून ताजी माती निघत राहावी, असा अनुभव आला की ‘उंदरांना औषधाची सवय झाली’ असे म्हटले जाते. ही समजूत बरोबर नाही. एखाद्या उंदराला सवय होऊन तो विष पचवू लागत नाही. बदल घडतो तो उंदरांच्या पिढ्यांत.

वॉरफॅरिन हे विष १९५० च्या सुमारास वापरात आले. रक्त गोठण्यासाठी शरीराला ‘के’ जीवनसत्त्व लागते व ते पुन्हा पुन्हा उपयोगात आणण्याचे काम एक विशिष्ट प्रथिन करते. वॉरफॅरिन या प्रथिनाचे काम बंद पाडते. रक्त गोठत नाही, शरीरात रक्तस्राव होतो आणि काही दिवसांनी उंदीर मरतो. मृत्यू उशिरा येत असल्याने इतर उंदरांना आमिषाचा संशय येत नाही.

तथापि १९५८ साली स्कॉटलंडमधील एका शेतावर या विषाने न मरणारे उंदीर आढळले. १९६० साली वेल्समध्येही तसेच दिसून आले. याचे आनुवंशिक कारण २००४ साली स्पष्ट झाले. वरील प्रथिन घडविणाऱ्या जनुकात अल्पसा फरक असल्यास विषाचा परिणाम फारच कमी होतो. असा जनुक आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पिलू विषास दाद देत नाही.

समजा, एका शिवारात १,००० उंदीर आहेत व त्यांपैकी १० उंदरांत हा जनुक आहे. विषाने ९८० साधे उंदीर मेले, तर उरलेल्या २० मध्ये १० प्रतिकारक असतील. पूर्वी शंभरात एक असणारे प्रमाण निम्म्यावर आले! पुढील पिढी याच वीसांपासून वाढेल. विषाने प्रतिकार निर्माण केला नाही, केवळ निवड केली. बियाण्यासाठी शेतकरी जशी कणसे निवडतो, तशीच ही निवड होय. मात्र ती नकळत होते.

परिस्थिती पालटली की निवडही पालटते. वेल्समधील ज्या उंदरांना हा जनुक दोन्ही बाजूंनी मिळाला, त्यांना ‘के’ जीवनसत्त्व अनेक पटींनी अधिक लागते. त्यामुळे जेथे विष नाही तेथे ते मागे पडतात. म्हणून तेच विष वर्षभर पेरून ठेवणे अहिताचे आहे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम आमिष पाहावे. आमिष शिवलेलेच नसेल, तर तो प्रतिकार नव्हे. झिंक फॉस्फाइडसारख्या शीघ्र विषाने आजारी पडून वाचलेला उंदीर ते पुन्हा खात नाही. अशा वेळी आमिष बदलावे आणि झिंक फॉस्फाइड वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस बिनविषारी आमिष द्यावे. आमिष संपत असून उंदीर कायम असतील, तर ते पुरेसे मांडले होते काय व शेजारच्या शेतातून नवे उंदीर येत आहेत काय, हे तपासावे. दोन्ही शंका फिटल्यावरच प्रतिकाराचा संशय घ्यावा.

उपायांचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. सायंकाळी सर्व बिळे बुजवावीत आणि दुसऱ्या दिवशी उघडलेल्या बिळांतच आमिष ठेवावे. संपूर्ण शिवारात हे काम एकाच वेळी करावे. वाचलेले उंदीर सापळे लावून व बिळे खणून नष्ट करावेत, कारण पुढील पिढीचे बीज तेच असते. बांध अरुंद व तणरहित ठेवावेत. उरलेले आमिष आणि मेलेले उंदीर खोल पुरावेत. विषबाधित उंदीर खाऊन घुबडे मरतात आणि शेतकऱ्याचा फुकटचा राखणदार नाहीसा होतो.

विष हे उंदीर नियंत्रणाचे एक साधन आहे. एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवल्यास प्रत्येक हंगामात अधिक कणखर उंदरांची पैदास आपल्याच हातून होते, हे प्रत्येक शेतकरी बंधूने ध्यानी घ्यावे.